कवीची झोळी

रवींद्रनाथ टागोर म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभे राहते. शुभ्र दाढी, पायघोळ झगा, ‘गीतांजली’ आणि नोबेल पारितोषिकाचे वलय! शाळेत असल्यापासून मीही त्यांना असेच ओळखत आले. परंतु ग्रंथालयातून त्यांच्याविषयीची पुस्तके नेऊन वाचू लागले, तेव्हा मला एक वेगळेच रवींद्रनाथ भेटले. शिक्षकांचे पगार कसे भागवायचे, मुलांच्या जेवणाचा खर्च कुठून आणायचा, या विवंचनेत चाळीस वर्षे काढणारे रवींद्रनाथ! महाकवीपेक्षा या शाळाचालकाविषयीच मला आज चार शब्द लिहायचे आहेत.

ज्याने एवढी मोठी शाळा उभी केली, त्याला स्वतःला शाळेचा मनस्वी तिटकारा होता, ही गोष्ट मोठी गमतीची आहे. ७ मे १८६१ रोजी कलकत्त्याच्या जोडासाँको वाड्यात जन्मलेल्या या मुलाला एकामागून एक शाळांत घातले, पण चार भिंतींत त्याचा जीव कधीच रमला नाही. १८७८ मध्ये विलायतेला जाण्यापूर्वी तो काही काळ मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या घरी राहिला, इंग्रजी रीतीभातींची ओळख व्हावी म्हणून. विलायतेहूनही तो पदवी न घेताच परतला. लहानपणी आपल्याला जे मिळाले नाही ते इतर मुलांना मिळावे, ही तळमळ मात्र त्याच्या मनात कायम राहिली.

कलकत्त्यापासून सुमारे दीडशे किलोमीटरवर, बोलपूरजवळच्या माळरानावर, वडील देवेंद्रनाथ यांनी ध्यानधारणेसाठी जागा घेतली होती. तेच शांतिनिकेतन. २२ डिसेंबर १९०१ रोजी तेथे रवींद्रनाथांनी आपली शाळा सुरू केली. विद्यार्थी अवघे पाच आणि त्यांतला एक त्यांचाच मुलगा, रथींद्रनाथ! वर्ग झाडाखाली भरत, प्रत्येकजण आपले आसन घेऊन येई. प्राचीन आश्रमाप्रमाणे येथे विद्या विकायची नाही, असे ठरले आणि सुरुवातीला फी घेतलीच नाही.

आदर्श उत्तम होता, पण मुलांना दोन वेळ जेवायला लागते! घरच्या जमीनदारीतून रवींद्रनाथांना मिळणारा पैसा बेताचा. डोक्यावर कर्ज. पत्नी मृणालिनीदेवी यांनी आपले दागिने एकेक करून शाळेसाठी दिले. पुरीच्या समुद्रकाठचे घर विकले गेले. मृणालिनीदेवी स्वतः मुलांसाठी स्वयंपाकघरात राबत. शाळेला वर्षही झाले नव्हते, तोच नोव्हेंबर १९०२ मध्ये त्या वारल्या. पुढच्या पाच वर्षांत कन्या रेणुका, वडील देवेंद्रनाथ आणि धाकटा मुलगा शमींद्रनाथही गेले. सतीशचंद्र राय हा तरुण, गुणी शिक्षक १९०४ मध्ये देवीच्या रोगाने दगावला. एवढे आघात सोसूनही त्यांनी शाळा सोडली नाही. मृणालिनीदेवींचे नाव आपण किती वेळा घेतो? मला वाटते, शांतिनिकेतनची पहिली देणगीदार तीच.

त्रिपुराचे राजे राधाकिशोर माणिक्य दरसाल एक हजार रुपये पाठवीत. पण विद्यार्थी वाढले, तसा खर्चही वाढला. अखेर फी घ्यावीच लागली. पालकांना मॅट्रिक हवी होती. पुस्तकी परीक्षेचा रवींद्रनाथांना कंटाळा, तरीही मुलांच्या भवितव्यासाठी त्यांनी तिला दार उघडले. सरकारच्या दारी मात्र ते गेले नाहीत, कारण अनुदानापाठोपाठ हुकूम येतात, हे ते ओळखून होते. सरकारची मर्जी तर अशी, की १९११-१२ च्या सुमारास पूर्व बंगाल व आसाम सरकारने एक गुप्त परिपत्रक काढले. सरकारी नोकरांच्या मुलांसाठी ही शाळा योग्य नाही, असा त्याचा आशय होता. काही पालकांनी मुले काढून नेली.

नोव्हेंबर १९१३ मध्ये नोबेल पारितोषिक जाहीर झाले. त्याची रक्कम सुमारे एक लाख वीस हजार रुपये. ती त्यांनी पतिसर येथील आपल्या कृषी बँकेत ठेवली. बँकेने तो पैसा गरीब रयतेला कर्जाऊ द्यावा, रयत सावकाराच्या तावडीतून सुटावी आणि व्याजातून शाळा चालावी, अशी ही योजना! एका रकमेतून दोन कामे साधण्याची ही युक्ती वाचून मी थक्क झाले. दुर्दैवाने पुढे ती बँक बुडाली आणि मुद्दलही गेले.

१९१५ च्या प्रारंभी गांधीजी येथे आले. त्यांच्या फिनिक्स आश्रमातील मुले आधीपासूनच येथे राहत होती, आपले काका कालेलकरही त्या वेळी तेथेच होते. स्वयंपाक आणि सफाई विद्यार्थ्यांनी स्वतः करावी, असे गांधीजींनी सुचविले आणि १० मार्चला तो प्रयोग सुरू झाला. फार दिवस तो टिकला नाही, परंतु दरवर्षी त्या तारखेला नोकरांना सुट्टी देऊन सगळी कामे आपण करण्याची प्रथा पडली.

मुलींचा प्रवेशही सोपा नव्हता. १९०९ च्या आसपास थोड्या मुली घेतल्या, पण ती व्यवस्था लवकरच मोडली. पुढे १९२०च्या दशकात मुली स्थिरपणे शिकू लागल्या, त्याच झाडांखाली, मुलांच्या बरोबरीने. १९२६ मध्ये ‘नटीर पूजा’ या नाटकात मुली रंगमंचावर नाचल्या. पुढच्याच वर्षी कलकत्त्यात प्रयोग ठरला, तेव्हा टीका होणार हे उघड होते. रवींद्रनाथांनी नाटकात स्वतःसाठी एक भिक्षूची भूमिका लिहिली आणि पासष्टीच्या वयात मुलींच्या सोबतीला रंगमंचावर उभे राहिले! आज आपण विद्यार्थिनी स्नेहसंमेलनात निर्धास्तपणे नाचतो, गातो. त्यामागे अशा किती जणांचे उभे राहणे आहे!

१९२१ मध्ये शाळेच्या जोडीला विश्वभारती उभी राहिली आणि झोळी आणखी मोठी झाली. बंगाली पुस्तकांचे हक्क त्यांनी संस्थेला दिले. व्याख्यानांसाठी ते देशोदेशी हिंडले. अमेरिकेतील १९२०-२१ चा दौरा निधीच्या दृष्टीने फसला, पण तेथेच लेनर्ड एल्महर्स्ट भेटले आणि डोरोथी स्ट्रेट यांच्या पैशातून श्रीनिकेतनचे ग्रामसुधारणेचे काम १९२२ मध्ये सुरू झाले. निजामाने एक लाख रुपये दिले. तरीही तूट भरेना, तेव्हा म्हातारपणी विद्यार्थ्यांचा ताफा घेऊन ते गावोगाव नृत्यनाट्यांचे प्रयोग करू लागले.

मार्च १९३६ मध्ये ‘चित्रांगदा’चे प्रयोग करीत ते दिल्लीला पोहोचले. वय पंचाहत्तरीला टेकलेले, प्रकृती ढासळलेली. या वयात त्यांना पैशासाठी फिरावे लागते, हे पाहून गांधीजींना वाईट वाटले. त्यांनी साठ हजार रुपयांची सोय करून दिली आणि दौरा थांबवायला लावला. फेब्रुवारी १९४० मध्ये गांधीजी शांतिनिकेतनला आले, तेव्हा निरोपाच्या वेळी रवींद्रनाथांनी आपल्यामागे संस्थेचा सांभाळ करण्याची विनंती त्यांना पत्राने केली. ७ ऑगस्ट १९४१ रोजी गुरुदेवांचे निधन झाले. १९५१ मध्ये विश्वभारती केंद्रीय विद्यापीठ झाले, तर २०२३ मध्ये शांतिनिकेतनचा जागतिक वारसा स्थळांत समावेश झाला.

हे सारे वाचून मला एक गोष्ट कळली. शाळा एकदा काढून भागत नाही, ती दर महिन्याला नव्याने उभी करावी लागते. पाया घालणाऱ्याचे नाव फलकावर लागते, पण महिन्यामहिन्याचा खर्च कोणाच्या दागिन्यांतून, कोणाच्या पायपिटीतून निघाला, हे फलकावर नसते. जगाने मान दिलेल्या कवीला मुलांसाठी हात पसरताना कमीपणा वाटला नाही. मात्र झोळी पसरताना, मुलांना काय आणि कसे शिकवायचे याचे स्वातंत्र्य त्याने कोणाच्या हाती दिले नाही. आपण फीची पावती घेतो आणि हिशेब संपला असे समजतो. आपल्या शिक्षणाची खरी किंमत त्या पावतीवर कधीच लिहिलेली नसते. ती कोणीतरी आपल्या आधीच भरलेली असते.