टेस्लानं 1898 मध्ये रिमोटवर बोट चालवून दाखवली, लोकांना वाटलं आत माकड बसवलंय

मुंबईच्या बीकेसीत जुलै 2025 मध्ये टेस्लाचं शोरूम उघडलं, तेव्हा रील्सचा नुसता पाऊस पडला. गाडी दिसली, किंमत दिसली, इलॉन मस्कची चर्चा झाली. पण ज्याच्या नावावर ही कंपनी चालते, तो माणूस कुठंच नव्हता.

तो माणूस गाड्या बनवत नव्हता. पण युक्रेनच्या युद्धात ज्या दोन गोष्टी सतत चर्चेत असतात, स्वस्तातले ड्रोन आणि एका उद्योगपतीच्या मालकीचे सॅटेलाइट, त्या दोन्हींची सुरुवातीची पानं चाळली की त्याचं नाव येतं. निकोला टेस्ला.

10 जुलै 1856 ला स्मिल्यान नावाच्या खेड्यात तो जन्मला. हे गाव तेव्हा ऑस्ट्रियन साम्राज्यात होतं, आज क्रोएशियात आहे. वडील सर्बियन ऑर्थोडॉक्स चर्चचे धर्मगुरू. 1884 ला टेस्ला न्यूयॉर्कला आला, एडिसनच्या कंपनीत लागला आणि काही महिन्यांत बाहेरही पडला. 1888 मध्ये त्याच्या एसी मोटरचे पेटंट हक्क वेस्टिंगहाउसनं घेतले. आपल्या घरात येणारी वीज आजही एसीच आहे. एडिसन आणि टेस्लाच्या भांडणावर यूट्यूब भरून वाहतंय, त्यामुळं तो भाग इथं सोडूया.

मार्च 1895 मध्ये टेस्लाची प्रयोगशाळा जळाली. यंत्रं गेली, नोंदी गेल्या. त्यानं न्यूयॉर्कच्याच ह्यूस्टन स्ट्रीटवर नवी जागा घेतली आणि बिनतारी लहरींवरचं काम पुन्हा सुरू केलं.

मग आलं 1898. फेब्रुवारीत हवानाच्या बंदरात अमेरिकेची मेन ही युद्धनौका स्फोटात बुडाली आणि एप्रिलमध्ये अमेरिका-स्पेन युद्ध पेटलं. पेपरात रोज युद्धनौका आणि टॉर्पेडो. त्याच वर्षी मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या विजेच्या प्रदर्शनात टेस्लानं पाण्याचा हौद मांडला आणि त्यात एक छोटी लोखंडी बोट सोडली.

बोटीला ना दोरी, ना वायर. टेस्ला लांब उभा राहून हातातल्या पेटीवरून खूण करायचा आणि बोट डावीकडं वळायची, उजवीकडं वळायची, थांबायची, दिवे लुकलुकवायची.

आत काय होतं? बॅटरी, मोटर, सुकाणू आणि रेडिओ लहरी पकडणारा एक छोटा भाग. त्या भागात धातूचे बारीक कण भरलेले. एरवी ते वीज नीट वाहू देत नाहीत, पण रेडिओ लहर आली की वाहू देतात. म्हणजे लहर आली की स्विच चालू. मग यंत्र ते कण हलवून पुन्हा मोकळे करायचं, पुढच्या लहरीसाठी.

रेडिओ हा शब्दसुद्धा लोकांच्या तोंडी नव्हता तो हा काळ. कुणाला ही जादू वाटली, कुणाला टेस्ला मनातल्या मनात बोटीला हुकूम देतोय असं वाटलं, आणि काहींना खात्री होती की आत शिकवलेलं माकड बसवलंय. टेस्लानंही मजा घेतली. त्यानंच नंतर सांगितलेला किस्सा असा की, कुणीतरी 64 चं घनमूळ विचारलं आणि बोटीचे दिवे चार वेळा लुकलुकले.

पेटंट ऑफिसलाही हे खरं वाटेना. टेस्लाच्या सांगण्याप्रमाणं, त्यांचा मुख्य तपासनीस न्यूयॉर्कला येऊन बोट बघून गेला, तेव्हा काम पुढं सरकलं. 8 नोव्हेंबर 1898 ला पेटंट मिळालं, नंबर 613809. त्यात फक्त बोट नव्हती. पाण्यातली, जमिनीवरची आणि बलूनसारखी हवेतलीही वाहनं दुरून चालवण्याचा दावा त्यात होता. थोडक्यात, ड्रोन.

टेस्ला हे घेऊन वॉशिंग्टनला गेला. तिथला अधिकारी हसत सुटला.

आता टेस्लाचं म्हणणं काय होतं ते बघण्यासारखं आहे. हे शस्त्र इतकं भयंकर ठरेल की कुणी हल्ला करायला धजावणार नाही, असं त्याला वाटायचं. 1900 मध्ये त्यानं एक लांबलचक लेख लिहिला. त्यात पुढची पायरी होती: यंत्रं यंत्रांशी लढतील, माणसं बाजूला राहून बघतील आणि हळूहळू युद्धच संपेल.

त्याचं यंत्र बरोबर निघालं, हिशोब चुकला. त्यानं किंमत धरलीच नव्हती. युक्रेनमध्ये आज काहीशे डॉलरचा ड्रोन एकेका सैनिकाच्या मागे लागतो. यंत्रासमोर यंत्र नाही, खंदकातला माणूस आहे. आणि टेस्लाच्या बोटीचं आजचं रूप बघायचं तर काळ्या समुद्रात बघावं लागतं. मोठं नौदल उरलं नसतानाही युक्रेननं फेब्रुवारी 2024 मध्ये रशियाच्या इव्हानोवेत्स आणि त्सेझर कुनिकोव या युद्धनौका बिनमाणसाच्या बोटींनी बुडवल्या.

एक अडचण मात्र त्यानं तेव्हाच ओळखली होती. तुमच्या बोटीला शत्रूनंच सिग्नल पाठवला तर? 1903 मध्ये मिळालेल्या पेटंटमध्ये त्याचं उत्तर आहे. वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीचे दोन सिग्नल एकत्र आले तरच यंत्र हलेल, एकट्या सिग्नलला दाद देणार नाही. आजही ड्रोनची अर्धी लढाई याच जॅमिंगवर चालते. ते टाळायला आता काही ड्रोन मागे बारीक फायबर केबल सोडत उडतात. म्हणजे टेस्लानं काढून टाकलेली वायर परत आली.

आता दुसरी गोष्ट, मालकीची.

टेस्लाला सगळ्या जगाला जोडणारं बिनतारी जाळं हवं होतं. खिशातल्या छोट्या यंत्रावर बातमी, आवाज, चित्र. त्यासाठी 1901 मध्ये बँकर जे. पी. मॉर्गननं 1,50,000 डॉलर दिले आणि बदल्यात बिनतारी पेटंटमधला 51 टक्के हिस्सा घेतला. लाँग आयलंडवर वॉर्डनक्लिफचा 187 फुटी मनोरा उभा राहू लागला. पण डिसेंबर 1901 मध्ये मार्कोनीनं कितीतरी साध्या यंत्रानं अटलांटिकपार सिग्नल पोचवला. टेस्लाचा खर्च फुगत गेला, मॉर्गननं आणखी पैसे द्यायला नकार दिला. फुकट विजेला मीटर कसा लावणार म्हणून मॉर्गननं प्रोजेक्ट मारला, ही फॉरवर्ड होणारी गोष्ट चटपटीत आहे, पुरावा मात्र नाही. एका माणसानं हात आखडता घेतला आणि जाळं थांबलं, एवढं खरं.

120 वर्षांनी तसं जाळं आलं, तेही एका माणसाच्या कंपनीचं. फेब्रुवारी 2022 मध्ये रशियानं हल्ला केला त्याच दिवशी व्हायासॅट या खासगी कंपनीचं सॅटेलाइट नेटवर्क सायबर हल्ल्यानं कोलमडलं. दोन दिवसांनी युक्रेनच्या मंत्र्यानं ट्विटरवर मदत मागितली आणि काही तासांत मस्कचं स्टारलिंक तिथं सुरू झालं. पुढं क्रिमियाजवळ समुद्री ड्रोनच्या हल्ल्यासाठी ते सुरू करा अशी विनंती आली, ती आपण मानली नाही, असं मस्कनं 2023 मध्ये स्वतःच सांगितलं. बोटी बिनमाणसाच्या, त्या कुठवर जाणार हे ठरवणारा मात्र एक माणूस, तोही कुठल्याच सैन्यातला नाही.

वॉर्डनक्लिफचा मनोरा 1917 मध्ये पाडला गेला. टेस्लाचे शेवटचे दिवस हॉटेलांची बिलं थकवण्यात आणि कबुतरांना दाणे घालण्यात गेले. 1934 मध्ये त्यानं पुन्हा एक शस्त्र जाहीर केलं, शेकडो मैलांवरून विमानं पाडणारा किरण. पेपरांनी त्याला डेथ रे म्हटलं. सगळ्या देशांकडं तो असला की कुणी कुणावर चढाई करणार नाही, हा जुनाच विचार त्यामागं होता. त्यानं देशोदेशीच्या सरकारांना योजना पाठवली. यंत्र काही बनलं नाही.

7 जानेवारी 1943 ला न्यूयॉर्कर हॉटेलच्या 3327 नंबरच्या खोलीत तो गेला. अमेरिकन सरकारनं त्याचे कागद ताब्यात घेतले आणि एमआयटीच्या जॉन ट्रम्प या प्राध्यापकाला तपासायला दिले. होय, डोनाल्ड ट्रम्पचे सख्खे काका. शत्रूच्या हाती लागलं तर धोका होईल असं त्यात काही नाही, असा अहवाल त्यांनी दिला.

त्याच वर्षी 9 सप्टेंबरला भूमध्य समुद्रात इटलीची रोमा ही युद्धनौका जर्मन बॉम्बनं बुडाली. विमानात बसलेल्या सैनिकानं हातातल्या छोट्या दांडीनं, रेडिओवरून त्या बॉम्बला दिशा दिली होती. रोमावरचे हजाराहून जास्त लोक मेले.