शनिवार तेल्यांची लेक

१९०५ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या परीक्षेत एक मुलगी पहिली आली. मुलींमध्ये पहिली नव्हे बरं का, सगळ्यांत पहिली! त्याआधी हे कुठल्याच मुलीला जमलं नव्हतं. तिचं नाव रिबेका रुबेन. भाषा आपलीच, मराठी. धर्म मात्र ज्यू.

रिबेकाबाईंचा जन्म १८८९ सालचा, बेने इस्राएल समाजातला. या समाजाचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, असं ते परंपरेनं सांगतात. पुढे कोकणात त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले.

पोथ्या नव्हत्या, हिब्रू विसरली गेली, पण सण टिकले. कुणी टिकवले? मला विचाराल तर चुलीपाशी बसलेल्या बायकांनी! सणांची नावंच बघा ना. नव्या धान्याची, नारळाच्या दुधातली खीर होते तो खिरीचा सण. होळीच्या सुमारास येणारा पुरीम म्हणजे होळीचा सण. आणि जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या दुःखाच्या उपासाचं नाव बिरड्याचा रोजा. वाल सोलून सोलून नखं दुखवणाऱ्या आपल्यासारख्या बायकांना हे नाव वेगळं समजावून सांगायला नकोच.

एक सण मात्र त्यांच्याकडे नव्हताच, दिव्यांचा हनुक्का. त्यामागची घटना पूर्वज निघून आल्यानंतरची, असं त्याचं कारण सांगतात. देवळातलं एका दिवसापुरतं तेल आठ दिवस पुरलं, ही त्याची गोष्ट. तेल्यांच्याच घरी तेलाचा सण ठाऊक नसावा, काय गंमत आहे! बाहेरच्या ज्यूंशी संबंध आला तसा तोही हळूहळू घरात आला.

सणातला पदार्थ माहीत, पण त्यामागची गोष्ट माहीत नाही, अशी या समाजाची स्थिती होती. ती बदलण्यासाठी हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८७५ मध्ये मुंबईत शाळा काढली. रिबेकाबाई इंग्लंडला जाऊन अध्यापन शिकल्या, तिथे हिब्रूचाही अभ्यास केला आणि १९२२ साली माझगावच्या या शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या. त्याआधी, १९१७ पासून, त्यांनी समाजाचं वार्षिकही काढलं होतं. पुढे या शाळेला सर एली कदूरी यांचं नाव मिळालं. तब्बल २८ वर्षं बाईंनी ती चालवली. आईचं मराठी आणि वाडवडिलांचं हिब्रू एकाच छताखाली शिकवायचं, हे काही सोपं काम नव्हतं.

मी वसईत लहान मुलांचा वर्ग घेते. आमच्याकडे दिवाळीचा कंदील आणि नाताळचा तारा एकाच दुकानात टांगलेले असतात, दोन्ही तयार! ज्यू घरांतल्या मुलांसाठीसुद्धा आता सगळं विकत मिळतं. पण बाईंचं काम वाचल्यापासून मला वाटतं, मुलाच्या हाताला काम द्यावं आणि ते करता करता गोष्ट सांगावी.

पुरीमसाठी रिकाम्या डबीत मूठभर वाल घालून झाकण घट्ट चिकटवायचं. गोष्टीत दुष्ट हामानचं नाव आलं की डबी खुळखुळवायची, त्याचं नाव ऐकूच येता कामा नये. मांडवांच्या सणाला, म्हणजे सुक्कोथला, पुठ्ठ्याच्या खोक्यावर झावळीच्या पात्या आडव्या टाकायच्या. छपरातून चांदण्या दिसल्या पाहिजेत, म्हणून दाट नको. आतल्या कागदी पताका वाकड्या कापल्या गेल्या तरी आपण सरळ करायला जाऊ नये. (मला हे फार जड जातं!) हनुक्कासाठी मातीच्या आठ पणत्या आणि बाकीच्या पेटवायला नववी, जरा उंच. पहिल्या संध्याकाळी एक, दुसऱ्या संध्याकाळी दोन, अशा वाढवत न्यायच्या. पेटवताना मोठं माणूस जवळ हवंच.

१९४८ मध्ये इस्रायल झालं आणि समाजातली माणसं तिकडे जाऊ लागली. ज्या मुलांना बाईंनी ते कोण आहेत हे शिकवलं, त्यांतली कितीतरी त्याच ओळखीच्या ओढीनं गेली असतील. वर्ग रिकामे होताना त्यांना काय वाटलं असेल? १९५० साली त्या निवृत्त झाल्या, १९५७ साली गेल्या. त्यांच्या शाळेत आता मुख्यतः इतर धर्मांची मुलं शिकतात.

हो, हनुक्काची एक रीत सांगायची राहिलीच. ते दिवे नुसते बघायचे असतात, त्यांच्या उजेडात काही करायचं नसतं. आणि दिवे जळत असतात तोवर घरातल्या बायकांनी कामाला हात लावायचा नाही, अशी जुनी चाल आहे. साधारण अर्धा तास. पोळपाट तसाच, भांडी तशीच, आणि आई मुलांशेजारी बसलेली.