कारखाना गमावला, गोतावळा उरला: आंद्रे सिट्रोएन

युरोपात उन्हाळा स्थिरावला की एखाद्या गावाबाहेरच्या हिरवळीवर रविवारी सकाळी जुन्या फ्रेंच मोटारी येऊन उभ्या राहू लागतात. लांब नाकाची काळी ‘ट्रॅक्शन आव्हाँ’, पत्र्याच्या डब्यासारखी साधी ‘टू सीव्ही’, इंजिन सुरू होताच बसलेल्या जनावराने अंग सावरत उठावे तशी जमिनीपासून वर येणारी ‘डीएस’. मालक एकमेकांच्या गाड्यांच्या झाकणाखाली डोकावतात, कोणी हरवलेल्या सुट्या भागाची चौकशी करतो, कोणी सतरंजी अंथरून शिदोरी सोडतो. या साऱ्या गाड्यांच्या नाकावर एकच खूण असते: एकावर एक ठेवलेले, उलट्या ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचे दोन कोन.

ती खूण ज्यांनी मोटारीवर आणली, ते आंद्रे सिट्रोएन यांचे निधन १९३५ साली झाले. त्या वेळी कंपनी त्यांच्या हातातून गेली होती आणि संपत्तीही उरली नव्हती. ‘टू सीव्ही’ आणि ‘डीएस’ या आपल्या नावाच्या दोन सर्वांत लाडक्या गाड्या त्यांनी पाहिल्यासुद्धा नाहीत. तरीही त्यांच्या नावाभोवती जमलेल्या माणसांचा गोतावळा आज अनेक देशांत पसरला आहे. हे कसे घडले, याचे उत्तर त्यांच्या आयुष्यातच सापडते.

आंद्रे सिट्रोएन यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८७८ रोजी पॅरिसमध्ये झाला. पाच भावंडांत ते धाकटे. घराणे ज्यू आणि दोन्ही बाजूंनी परदेशी: वडील लेव्ही हे अ‍ॅमस्टरडॅमहून आलेले हिऱ्यांचे व्यापारी, तर आई माशा क्लाइनमान यांचे माहेर वॉर्साचे. आडनावाचा उगम तर फळबाजारात होता. हॉलंडमधील एक पूर्वज लिंबूवर्गीय फळे विकत असत, म्हणून त्यांचे नाव ‘लिमोनमन’, म्हणजे लिंबूवाला, असे पडले. पुढच्या पिढीत त्याचे ‘सिट्रून’ झाले. डच भाषेत त्याचाही अर्थ लिंबूच. पॅरिसला आल्यावर त्यातील ‘ई’ या अक्षरावर दोन टिंबे चढली आणि नाव फ्रेंच कानांना रुचेल असे झाले. देशांतर केलेल्या कुटुंबाच्या नावावर नव्या देशाची भाषा आपली मोहोर कशी उमटवते, हे परदेशी राहणाऱ्यांना निराळे सांगण्याची गरज नाही.

आंद्रे सहा वर्षांचे असताना वडिलांनी स्वतःचे जीवन संपवले. मुलांना वाढवण्याचा आणि व्यवहार सांभाळण्याचा भार आईवर आला. त्याच पॅरिसमध्ये आंद्रे शाळकरी असताना आयफेल मनोरा उभा राहिला. १८८९ साली तो पूर्ण झाला तेव्हा ते अकरा वर्षांचे होते. ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या आणि डोळ्यांदेखत चढत गेलेला तो लोखंडी मनोरा यांनी त्यांना अभियंता होण्याच्या वाटेवर लावले, असे त्यांचे चरित्रकार मानतात. पुढे त्यांना ‘एकोल पोलिटेक्निक’ या नामवंत संस्थेत प्रवेश मिळाला आणि १९०० साली त्यांचे शिक्षण पूर्ण झाले.

त्याच वर्षी ते आईच्या नातलगांना भेटायला पोलंडला गेले. तिथे त्यांच्या पाहण्यात एक वेगळ्या प्रकारचे दातेरी चाक आले. त्याचे दाते सरळ नव्हते, ‘व्ही’च्या आकाराचे होते. असे दाते एकमेकांत अधिक सलग बसतात, आवाज कमी करतात आणि जास्त ताण पेलतात. आंद्रे यांनी त्याचे पेटंट विकत घेतले आणि पॅरिसमध्ये ही चाके पोलादात घडवण्याचा उद्योग थाटला. मोटारींच्या नाकावर आज दिसणारे दोन कोन म्हणजे त्या चाकाचे दाते होत. मातुलगृही केलेला एक प्रवास असा त्यांच्या कुळाची मुद्रा होऊन बसला.

१९०८ पासून त्यांनी ‘मोर्स’ या डबघाईला आलेल्या मोटार कंपनीची घडी बसवून तिचे उत्पादन कैक पटींनी वाढवले. अमेरिकेत जाऊन हेन्री फोर्ड यांच्या कारखान्याची रीतही त्यांनी पाहून घेतली. १९१४ साली जॉर्जिना बिंजेन यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्याच वर्षी महायुद्ध पेटले. तोफखान्यात अधिकारी असलेल्या आंद्रे यांच्या लक्षात आले की फ्रेंच तोफांना गोळे पुरत नाहीत. सीन नदीकाठी, पॅरिसच्या जाव्हेल भागात, १९१५ साली त्यांनी प्रचंड कारखाना उभारला आणि युद्ध संपेपर्यंत तिथून दोन कोटींहून अधिक तोफगोळे बाहेर पडले. कामावर मोठ्या संख्येने स्त्रिया होत्या. त्यांच्यासाठी उपाहारगृह, दवाखाना आणि तान्ह्या मुलांसाठी पाळणाघर अशी सोय आंद्रे यांनी केली होती.

युद्ध संपले तेव्हा अवाढव्य कारखाना रिकामा होणार होता. त्यात मोटारी घडवण्याचा निर्णय त्यांनी आधीच घेऊन ठेवला होता. १९१९ साली ‘टाइप ए’ ही त्यांची पहिली गाडी रस्त्यावर आली. त्या काळी गाडी घेणाऱ्याला सांगाडा एकाकडून, वरचा साज दुसऱ्याकडून आणि दिवे-टायर तिसऱ्याकडून जमवावे लागत. ‘टाइप ए’ मात्र विजेचे दिवे, स्टार्टर, छत आणि जादा चाक यांसह, सरळ घरी नेता येईल अशी मिळे. युरोपात मोठ्या प्रमाणावर एकाच साच्यातून निघालेल्या पहिल्या गाड्यांपैकी ही एक. त्यापाठोपाठ १९२२ साली आलेली छोटी ‘फाइव्ह सीव्ही’ लिंबासारख्या पिवळ्या रंगात निघाली आणि पॅरिसकरांनी आडनावावर कोटी करण्याची संधी सोडली नाही. हाताने चावी फिरवून इंजिन सुरू करण्याचे कष्ट नसल्याने ती स्त्रियांनाही स्वतः चालवता येई, आणि जाहिरातींतही ती चालवणारी स्त्रीच दाखवली जाई.

गाडी विकली की कारखानदाराचे काम संपले, असे मानण्याच्या त्या काळात सिट्रोएन यांची खरी दृष्टी इथे दिसते. विक्री ही त्यांच्या लेखी नात्याची सुरुवात होती. त्यांनी विक्रेत्यांचे आणि दुरुस्तीघरांचे जाळे विणले, प्रत्येक दुरुस्तीचे ठरावीक दर छापून दिले, सुट्या भागांच्या सचित्र याद्या आणि दुरुस्तीच्या पुस्तिका काढल्या, हप्त्यांवर खरेदीची सोय केली. कारखान्यातून मुलांसाठी हुबेहूब खेळण्यातल्या सिट्रोएन गाड्याही निघू लागल्या. आज पाच वर्षांचा असलेला मुलगा उद्याचा ग्राहक आहे, हा हिशेब त्यामागे होता. फ्रान्सच्या रस्त्यांवर त्यांनी कंपनीच्या खर्चाने हजारो दिशादर्शक फलक लावले. १९२६ साली लंडनजवळच्या स्लाउ येथे कारखाना सुरू झाला आणि ब्रिटिश रस्त्यांसाठी उजव्या हाताच्या सुकाणूच्या सिट्रोएन तिथे जुळू लागल्या.

प्रसिद्धीची त्यांची हौस अफाट होती. १९२५ पासून १९३४ पर्यंत आयफेल मनोऱ्यावर त्यांचे नाव विजेच्या दिव्यांत झळकत होते. १९२७ साली अटलांटिक ओलांडून आलेल्या लिंडबर्ग यांना रात्री पॅरिस ओळखायला त्या दिव्यांनी मदत केली, असे सांगितले जाते. साखळीपट्ट्यांवर धावणाऱ्या खास गाड्यांनी आधी सहारा, मग आफ्रिका पार केली आणि १९३१ साली बैरूतहून पेकिंगकडे मोहीम निघाली. तिचा एक टप्पा भारतातून गेला. श्रीनगरहून दोन गाड्या हिमालयात शिरल्या. वाट खचलेली असे तिथे गाड्या सुट्या करून, भाग हमालांच्या पाठीवर देऊन, पुढे पुन्हा जोडल्या जात. अशा रीतीने त्या गिलगिटला पोहोचल्या. तेथून पुढे मंडळी घोड्यांवर आणि पायी काशगरकडे गेली. फेब्रुवारी १९३२ मध्ये मोहीम पेकिंगला पोहोचली, पण तिचे नेते जॉर्ज-मारी हार्ट परतीच्या वाटेवर हाँगकाँगला न्यूमोनियाने वारले. सिट्रोएन यांनी एक जिवलग सहकारी गमावला.

या वैभवाखालची जमीन मात्र भुसभुशीत होती. सिट्रोएन सदैव उसनवारीवर चालत. दोव्हिलच्या जुगारघरात एका रात्रीत मोठ्या रकमा हरण्याच्या त्यांच्या सवयीची चर्चा सावकारांच्या कानावर जाई. जागतिक मंदीत इतरांनी हात आखडता घेतला, तेव्हा १९३३ साली त्यांनी जाव्हेलचा कारखाना काही महिन्यांत पाडून नव्याने बांधला आणि त्याच्या उद्‌घाटनाला हजारो पाहुण्यांची पंगत बसवली. त्याच वेळी त्यांनी एका गाडीवर सर्वस्व पणाला लावले.

ती गाडी म्हणजे ‘ट्रॅक्शन आव्हाँ’. विमानांच्या कारखान्यातून आलेले अभियंते आंद्रे लेफेव्र आणि इटलीत जन्मलेले शिल्पकार फ्लामिनियो बर्तोनी यांनी ती घडवली. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना, वेगळ्या सांगाड्याऐवजी एकसंध पोलादी अंग, द्रवदाबावर चालणारे ब्रेक, ठेंगणी आणि रस्त्याला चिकटून धावणारी बांधणी: यांतली प्रत्येक गोष्ट कुठे ना कुठे आधी झाली होती, पण सर्वसामान्यांच्या गाडीत ती सारी एकत्र आणण्याचे धाडस कोणी केले नव्हते. घाई जीवघेणी होती. आपोआप चालणारा गिअरबॉक्स चाचणीत टिकला नाही आणि शेवटच्या घटकेला साधा बसवावा लागला. १९३४ च्या वसंतात गाडी लोकांपुढे आली तेव्हा तिची अंगे चिरत, पुढच्या चाकांना ताकद पोहोचवणारे सांधे मोडत. दुरुस्त्या होत राहिल्या, पण धनकोंचा धीर संपला. डिसेंबर १९३४ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि सर्वांत मोठे धनको असलेल्या मिशेलिन या टायर कंपनीने ती ताब्यात घेतली. आयफेल मनोऱ्यावरचे नाव विझले.

आंद्रे सिट्रोएन यांना पोटाचा कर्करोग झाला होता. ३ जुलै १९३५ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. वय सत्तावन्न. मोंपार्नास स्मशानभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली.

ज्या गाडीने त्यांना बुडवले, ती मात्र तरली. दोष दूर झाल्यावर ‘ट्रॅक्शन’ १९५७ पर्यंत बनत राहिली आणि साडेसात लाखांहून अधिक रस्त्यावर आल्या. लेफेव्र आणि बर्तोनी यांनी पुढे १९४८ साली ‘टू सीव्ही’ आणि १९५५ साली ‘डीएस’ जगापुढे आणल्या. नव्या मालकांच्या हाताखाली त्या घडल्या, पण घडवणारी माणसे सिट्रोएन यांनी जमवलेली होती.

गाड्या म्हाताऱ्या झाल्या आणि कंपनीने त्यांचे भाग बनवणे थांबवले, तेव्हा मालकांनी तो वसा घेतला. ब्रिटनमधील सिट्रोएन कार क्लब १९४९ साली स्थापन झाला. फ्रान्समध्ये आणि इतर देशांत प्रत्येक प्रकारच्या गाडीचे स्वतंत्र क्लब झाले. त्यांचे काम नुसते मिरवण्याचे नाही. ‘ट्रॅक्शन’च्या पुढच्या चाकाचा ब्रेक-ड्रम काढायला खास ओढणी लागते, ती एकाने विकत घेणे परवडत नाही, म्हणून अशी हत्यारे क्लबतर्फे आळीपाळीने वापरायला दिली जातात. बंद पडलेले भाग वर्गणी काढून नव्याने ओतून घेतले जातात. ‘डीएस’च्या द्रवयंत्रणेत जुन्या गाड्यांना लाल आणि १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धानंतरच्या गाड्यांना हिरवे तेल चालते, चुकीचे तेल पडले तर रबरी भाग कुजून सारी यंत्रणा निकामी होते. हे नवख्या मालकाला क्लबातला एखादा वडीलधारा पहिल्याच भेटीत बजावतो. वार्तापत्र, महिन्याची बैठक, रांगेने केलेली सहल, वाटेत एकाची गाडी थांबली की सर्वांनी थांबणे, हा या मंडळींचा परिपाठ आहे.

‘टू सीव्ही’वाल्यांचा जागतिक मेळावा १९७५ साली फिनलंडमध्ये सुरू झाला आणि तो दर दोन वर्षांनी नव्या देशात भरतो. २०१९ साली सिट्रोएनच्या शताब्दीनिमित्त फ्रान्समधील ला फेर्ते-व्हिदाम येथे हजारो गाड्या एकत्र आल्या. हे तेच ठिकाण, जिथे महायुद्धापूर्वी ‘टू सीव्ही’च्या पहिल्या नमुन्यांच्या चाचण्या झाल्या आणि जिथल्या एका कोठारात लपवलेले तीन नमुने अनेक दशकांनी, १९९० च्या दशकात, उजेडात आले.

या गोतावळ्यापुढे अडचणीही आहेत. जुन्या यंत्रणा जाणणारे कारागीर वृद्ध होत आहेत आणि त्यांचे ज्ञान बरेचसे हातात आहे, कागदावर थोडे. म्हणूनच क्लबांच्या कार्यशाळांत पन्नास वर्षे गाडी उघडलेला हात शेजारी उभ्या असलेल्या तरुणाकडे पाना देतो. ठरावीक पुस्तिका, क्रमांक असलेले भाग, कोणालाही समजेल अशी दुरुस्ती: शंभर वर्षांपूर्वी सिट्रोएन यांनी ग्राहकासाठी जी शिस्त घालून दिली, तिच्याच आधारे आज हे काम चालते.

जाव्हेलचा कारखाना १९७० च्या दशकात बंद झाला. त्याच्या जागी १९९२ पासून आंद्रे सिट्रोएन यांच्या नावाची बाग आहे आणि शेजारचा नदीकाठही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. सर्व सिट्रोएन क्लबांचा आंतरराष्ट्रीय मेळावा २०१६ साली नेदरलँड्समध्ये, त्यांच्या वडिलांच्या देशात भरला. त्यानंतरचा २०२४ साली पोलंडमध्ये, आईच्या देशात. जिथून ‘व्ही’ आकाराच्या दात्यांचे चाक निघाले होते तिथेच ती खूण नाकावर मिरवत शेकडो गाड्या परतल्या. त्या चालवणाऱ्यांपैकी कोणाच्याही नावावर सिट्रोएन कंपनीची मालकी नव्हती, आणि अखेरीस ती खुद्द आंद्रे यांच्याही नावावर नव्हती.