विलियम बूथ
विलियम बूथ (१० एप्रिल, इ.स. १८२९ – २० ऑगस्ट, इ.स. १९१२) हे ब्रिटिश ख्रिस्ती धर्मोपदेशक व साल्व्हेशन आर्मी ऊर्फ मुक्तिफौज या संस्थेचे संस्थापक होते. बेघर पुरुषांना तात्पुरत्या निवाऱ्यातून कामाकडे आणि कामातून स्वावलंबनाकडे नेणारी टप्प्याटप्प्याची योजना त्यांनी मांडली व काही अंशी प्रत्यक्षात आणली.

सुरुवातीचे जीवन

बूथ यांचा जन्म इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे झाला. वडिलांची सांपत्तिक स्थिती खालावल्याने ते तेराव्या वर्षी एका सावकारी पेढीवर उमेदवारीस लागले. गहाण पडणाऱ्या किडूकमिडूक वस्तूंमधून गरिबांची हलाखी त्यांना जवळून दिसली. इ.स. १८४९ मध्ये ते लंडनला आले. इ.स. १८५५ मध्ये त्यांचा कॅथरीन ममफर्ड यांच्याशी विवाह झाला. इ.स. १८६५ मध्ये या दांपत्याने पूर्व लंडनमध्ये धर्मकार्य सुरू केले. इ.स. १८७८ मध्ये त्याला साल्व्हेशन आर्मी हे नाव मिळाले.

बेघरांसाठी कार्य

लंडनच्या पुलावर उघड्यावर झोपलेली माणसे पाहून बूथ यांनी आपला पुत्र ब्रॅमवेल यास त्यांची सोय करण्यास सांगितले. त्यानुसार इ.स. १८८८ मध्ये लाइमहाउस भागात पहिला निवारा उघडला. तेथे अल्प मोबदल्यात जेवण व झोपण्याची जागा मिळे.

केवळ एका रात्रीच्या आसऱ्याने माणूस सावरत नाही, तो दुसऱ्या दिवशी पुन्हा रस्त्यावरच येतो, असे बूथ यांचे मत होते. इ.स. १८९० मध्ये प्रकाशित झालेल्या ‘इन डार्केस्ट इंग्लंड अँड द वे आउट’ या ग्रंथात त्यांनी तीन टप्प्यांची योजना मांडली. पहिल्या टप्प्यात, शहरी वसाहतीत, निवारा व कार्यशाळा असत. ज्याच्याजवळ पैसे नसत त्याला कामाच्या बदल्यात अन्न मिळे. दुसरा टप्पा शेती वसाहतीचा व तिसरा परदेशातील वसाहतीचा होता. पडलेल्या घोड्याला उठवणारा समाज पडलेल्या माणसाला अन्न, आसरा व काम नाकारतो, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता.

इ.स. १८९१ मध्ये एसेक्स परगण्यातील हॅडली येथे शेती वसाहत सुरू झाली. तेथे शहरातून आलेले पुरुष शेती, कुक्कुटपालन व वीटकाम करीत. परदेशी वसाहत मात्र आराखड्याप्रमाणे उभी राहिली नाही. तिच्याऐवजी संस्थेने स्थलांतरितांना, विशेषतः कॅनडास जाणाऱ्यांना, साहाय्य केले.

टीका

शास्त्रज्ञ टॉमस हक्सली यांनी ‘द टाइम्स’ या दैनिकातील पत्रांतून बूथ यांच्या एकतंत्री कारभारावर टीका केली. निधीच्या विनियोगाबाबतही शंका घेतल्या गेल्या. इ.स. १८९२ च्या चौकशी समितीने मात्र हिशेबात गैरव्यवहार नसल्याचा निर्वाळा दिला.

भारताशी संबंध

भारतात मुक्तिफौजेचे कार्य इ.स. १८८२ मध्ये फ्रेडरिक टकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईत सुरू झाले. सनदी सेवेचा राजीनामा दिलेले टकर पुढे बूथ यांचे जावई झाले. बूथ यांनी स्वतः इ.स. १८९१-९२ मध्ये भारताचा दौरा केला.

अखेरची वर्षे

इ.स. १९०७ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाने त्यांना मानद पदवी प्रदान केली. उतारवयात त्यांची दृष्टी गेली. मृत्यूनंतर लंडनमधील ॲबनी पार्क दफनभूमीत त्यांचे दफन झाले व संस्थेची धुरा ब्रॅमवेल यांच्याकडे आली. हॅडली येथील शेत आजही संस्थेकडे असून तेथे गरजूंना कामाचे प्रशिक्षण दिले जाते.