संगणकाला हिशेबनिसाची भाषा शिकवणाऱ्या हॉपरबाई

कॅम्पस सुरू झालं की होस्टेलच्या कट्ट्यावर एक विनोद दर वर्षी ऐकायला मिळतो. कंपनीच्या नोटिशीत 'बीए' अशी पोस्ट दिसली की कोणीतरी विचारतंच, की चार वर्षं इंजिनिअरिंग करून शेवटी बीएच व्हायचं होतं तर सरळ आर्ट्सला का नाही गेलो? हा बीए म्हणजे बिझनेस ॲनॅलिस्ट. कोड लिहितो तो खरा इंजिनिअर, आणि हा नुसता वही-पेन घेऊन मीटिंगांना बसणारा माणूस, अशी आपली समजूत. त्यात आता सगळीकडे अजाईल. दोन-दोन आठवड्यांचे स्प्रिंट आणि रोज सकाळी उभ्या उभ्या मीटिंग. स्क्रमच्या पुस्तकी मांडणीत प्रॉडक्ट ओनर, स्क्रम मास्टर आणि डेव्हलपर एवढीच माणसं. बीएचं तिथे नावही नाही. मग हे काम हवंच कशाला?

मित्रांनो, मला याचं उत्तर एका बाईंच्या चरित्रात सापडलं. अजाईलचा जाहीरनामा २००१ साली अमेरिकेतल्या युटा राज्यात १७ जणांनी मिळून लिहिला. या बाई १९९२ सालीच गेल्या, म्हणजे त्यांनी तो पाहिलाही नाही. पण गिऱ्हाइकाचं बोलणं समजून घेऊन ते मशीनपर्यंत पोचवायचं, थोडं करून दाखवायचं, चुका विचारून घ्यायच्या आणि पुन्हा करायचं, हे सगळं त्या १९५० च्या दशकातच करत होत्या. त्यांचं नाव ग्रेस हॉपर.

घड्याळं उघडणारी मुलगी

ग्रेस मरे हिचा जन्म ९ डिसेंबर १९०६ चा, न्यूयॉर्कमधला. सात वर्षांची असताना तिला प्रश्न पडला, की गजराचं घड्याळ नेमकं चालतं कसं? एक उघडलं, पण परत जोडता येईना. मग दुसरं उघडलं. असं करत घरातली सातही घड्याळं उघडून झाली! आईने शिक्षा काय केली, तर यापुढे खेळायला एकच घड्याळ मिळेल. कुतूहल मात्र मारलं नाही. मुलींनाही मुलांइतकंच शिकवायचं हे वडिलांचं मत होतं. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती.

वासार कॉलेजने पहिल्या खेपेला तिला घेतलं नाही, कारण लॅटिनमध्ये मार्क कमी पडले. (केटी लागलेल्यांनी हे वाक्य अधोरेखित करून ठेवावं.) पुढच्या वर्षी प्रवेश मिळाला. १९२८ साली गणित आणि भौतिकशास्त्रात पदवी, १९३० मध्ये येल विद्यापीठाची एम.ए. आणि १९३४ मध्ये तिथूनच गणितात पीएच.डी. १९३० मध्येच व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी लग्न झालं आणि ग्रेस मरेची ग्रेस हॉपर झाली.

वासारमध्ये त्या गणित शिकवायला लागल्या. तिथल्या दोन गोष्टी फार महत्त्वाच्या आहेत. एक म्हणजे, त्या गणिताच्या वर्गात निबंध लिहायला लावत आणि भाषेच्या चुकांचेही मार्क कापत. हा काय इंग्रजीचा तास आहे का, अशी मुलींची कुरकुर चाले. बाईंचं म्हणणं साधं होतं. दुसऱ्याला समजावून सांगता येत नसेल, तर त्या गणिताचा उपयोग काय? दुसरी गोष्ट, त्या स्वतः दुसऱ्या विभागांच्या तासांना जाऊन बसत. खगोलशास्त्र, भूशास्त्र, जीवशास्त्र, वास्तुकला, जे मिळेल ते. प्रत्येक विषयाची माणसं कोणत्या शब्दांत विचार करतात हे त्यांना तिथे कळलं. पुढे हीच शिदोरी आयुष्यभर पुरली.

मार्क वनच्या खोलीत

दुसऱ्या महायुद्धात अमेरिका उतरली आणि हॉपरबाईंना नौदलात जायची ओढ लागली. वय ३७ च्या घरात, आणि वजन नियमापेक्षा १५ पौंडांनी कमी! तरी खटपट करून परवानगी मिळवली आणि डिसेंबर १९४३ मध्ये त्या भरती झाल्या. प्रशिक्षणात पहिला नंबर आला. जुलै १९४४ मध्ये त्यांना हार्वर्ड विद्यापीठात हॉवर्ड एकन यांच्या हाताखाली पाठवण्यात आलं.

तिथे मार्क वन हे यंत्र होतं. लांबी ५१ फूट, उंची ८ फूट, वजन सुमारे ५ टन. आत रिले खडखडायचे आणि सूचना कागदी पट्टीवर भोकं पाडून द्यायच्या. वेग सेकंदाला तीन बेरजा. आपल्या खिशातल्या कॅल्क्युलेटरलाही हसू येईल, पण त्या काळी हा चमत्कार होता.

नौदलाकडून रोज वेगळी गणितं येत. कधी तोफांच्या पल्ल्याची कोष्टकं, कधी समुद्री सुरुंगांचे हिशेब. १९४४ मध्ये जॉन फॉन न्यूमन असंच एक गणित घेऊन आले, ते अणुबाँबच्या कामाचं होतं. प्रश्न आणणारा माणूस आपल्या विषयाच्या भाषेत बोलणार आणि यंत्राला फक्त भोकं समजणार. मधला सगळा प्रवास हॉपरबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी करायचा. एकन यांनी त्यांच्यावर मार्क वनचं मॅन्युअल लिहायची जबाबदारीही टाकली. ५०० पेक्षा जास्त पानांचं ते पुस्तक १९४६ मध्ये छापून आलं. डॉक्युमेंटेशनचा कंटाळा येणाऱ्या आपल्यासारख्यांनी जरा विचार करावा.

'बग'ची गोष्ट तुम्ही ऐकलीच असेल. सप्टेंबर १९४७ मध्ये मार्क टू यंत्राच्या रिलेत एक पतंग सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवून ठेवला गेला. तो बाईंनीच पकडला असं सांगतात, ते काही खरं नाही. बग हा शब्दही इंजिनिअर लोकांत आधीपासून होता. बाईंनी ही गोष्ट पुढे इतकी रंगवून सांगितली, की ती त्यांच्याच नावावर जमा झाली.

युद्ध संपलं, पण आयुष्य काही सुरळीत झालं नाही. १९४५ मध्ये घटस्फोट झाला. हार्वर्डमध्ये कायमची जागा मिळाली नाही. रात्रंदिवस काम, एकटेपणा आणि त्यातून दारूचं व्यसन. १९४९ मध्ये एकदा तर पोलिसांनी ताब्यात घेण्यापर्यंत वेळ आली. मित्रांनी स्पष्ट शब्दांत समज दिली, आधार दिला आणि त्या त्यातून वर आल्या. थोरांच्या चरित्रातून हा भाग बहुतेक वेळा गाळला जातो. मला मात्र वाटतं, होस्टेलमध्ये राहणाऱ्यांनी तो आवर्जून वाचावा.

हिशेबनिसांची भाषा

१९४९ सालीच हॉपरबाई फिलाडेल्फियाच्या एकर्ट-मॉकली कंपनीत लागल्या. ही कंपनी युनिव्हॅक बनवत होती. पुढे ती रेमिंग्टन रँडने विकत घेतली. पहिलं युनिव्हॅक १९५१ मध्ये अमेरिकेच्या जनगणना खात्याला मिळालं, आणि १९५४ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या लुईव्हिलच्या कारखान्यात त्यावर कामगारांचे पगार निघू लागले. म्हणजे गिऱ्हाईक बदललं. आता समोर भौतिकशास्त्रज्ञ नव्हते. पगारपत्रक, स्टोअरचा साठा आणि विम्याचे हप्ते सांभाळणारी माणसं होती.

बाईंनी आधी आपल्याच टीमकडे नीट पाहिलं. प्रोग्रामर एकमेकांच्या वहीतून तयार तुकडे हाताने उतरवून घेत आणि उतरवताना चुकत. डेल्टाचा त्रिकोण चारच्या आकड्यासारखा दिसे, 'बी' अक्षराचे १३ होत. माणसाला नक्कल नीट जमत नाही आणि यंत्राला तेवढंच उत्तम जमतं, मग हे काम यंत्राला का देऊ नये? यातून १९५१-५२ मध्ये 'ए-झिरो' तयार झाला. तुकड्यांचा क्रमांक सांगितला की यंत्र ते लायब्ररीतून शोधून स्वतःच जोडत असे. कंपायलर या कल्पनेची ही सुरुवात. संगणक फक्त आकडेमोड करतो, प्रोग्राम कसा लिहील, असं म्हणून बरेच दिवस कोणी तिकडे ढुंकून पाहिलं नाही.

पुढचा 'ए-टू' त्यांनी १९५३ च्या अखेरीस गिऱ्हाइकांकडे मूळ कोडसकट पाठवला आणि सांगितलं, की वापरून पाहा आणि काय सुधारायचं ते कळवा. आज आपण ज्याला फीडबॅक म्हणून परीक्षेत पाच मार्कांना लिहितो, तो हाच.

पण खरी उडी पुढे आहे. व्यापारी माणसांत वावरताना त्यांच्या लक्षात आलं, की गणितज्ञ चिन्हांत विचार करतो आणि हिशेबनीस शब्दांत. स्टोअरकीपरला एक्स आणि वाय देऊन उपयोग नाही. त्याच्याकडे मालाचा नंबर असतो, नग असतात, दर असतो. मग प्रोग्रामच त्याच्या शब्दांत का लिहू नये? दोन फायलींतले मालाचे नंबर ताडून पाहा, जुळले तर दर उचल, पुढची नोंद वाच, अशा साध्या इंग्रजी आज्ञांची भाषा त्यांनी मांडली. तिचं नाव पुढे फ्लो-मॅटिक पडलं. माहितीचं वर्णन एकीकडे आणि तिच्यावर करायची कामं दुसरीकडे, ही वाटणीही तिच्यातच झाली.

वरिष्ठांना पटवायला त्यांनी एक छोटा प्रोग्राम इंग्रजीत करून दाखवला. मग उत्साहाने तोच फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही दाखवला. यंत्राला सगळे शब्द सारखेच, हा त्यातला मुद्दा. झालं उलटंच! फिलाडेल्फियात बनलेल्या अमेरिकन यंत्राला फ्रेंच-जर्मन कसं येईल, म्हणून साहेब लोक हादरले. पुढे कित्येक महिने बाईंना समजवावं लागलं, की आम्ही फक्त इंग्रजीच वापरू. समोरच्याला काय कळेल आणि कशाची धास्ती वाटेल, हा अंदाज अशा मुरलेल्या बाईंचाही चुकला होता.

मे १९५९ मध्ये पेंटॅगॉनमध्ये सुमारे ४० जणांची बैठक झाली. सगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालेल अशी एकच व्यापारी भाषा करायची ठरलं. त्यातून कोबोल आली. ती लिहिणाऱ्या छोट्या समितीत हॉपरबाई स्वतः नव्हत्या, त्या वरच्या समितीच्या सल्लागार होत्या. पण कोबोलचा कणा फ्लो-मॅटिकचाच. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबोल प्रोग्राम आरसीए आणि रेमिंग्टन रँड अशा दोन कंपन्यांच्या यंत्रांवर चालवून दाखवण्यात आला.

अर्धं यश

आता प्रामाणिकपणे एक सांगायला हवं. साहेबाला प्रोग्राम वाचता येईल ही आशा फारशी खरी ठरली नाही. शब्द इंग्रजी असले तरी हजारो ओळी वाचायला वेळ कोणाकडे होता? संगणकशास्त्रज्ञांनीही कोबोलला नाकं मुरडली. पण यातूनच मोठा धडा मिळतो. भाषा सोपी झाली म्हणून मागणी आपोआप स्पष्ट होत नाही. काय हवंय हे कोणीतरी जाऊन विचारावंच लागतं.

आपल्या मेसचंच घ्या. मॅनेजर म्हणाला, खाड्यांचा हिशेब कॉम्प्युटरवर करून द्या. आपण लगेच लॉगिन, डेटाबेस आणि रंगीत स्क्रीन करून मोकळे होऊ. पण फक्त रात्रीचं जेवण चुकलं तर अर्धा खाडा धरायचा का? सलग किती दिवस गेल्याशिवाय खाडा मिळत नाही? पाहुण्याचं ताट कोणाच्या नावावर? हे त्याच्या रजिस्टरशेजारी दोन दिवस बसल्याशिवाय कळणार नाही, कारण हे सगळं त्याला इतकं पाठ असतं की सांगायचं त्याला सुचतच नाही. अजाईलमध्ये सगळी मागणी पहिल्या दिवशी लिहून घेत नाहीत, थोडी थोडी दर स्प्रिंटला उलगडतात. म्हणजे विचारायचं काम कमी होत नाही, रोजचं होतं. पाटी बीएची असो वा प्रॉडक्ट ओनरची, ते कोणीतरी करावंच लागतं.

तारेचा तुकडा

१९६६ च्या अखेरीस नौदलाने हॉपरबाईंना निवृत्त केलं आणि पुढच्याच वर्षी कोबोलला शिस्त लावायला सहा महिन्यांसाठी परत बोलावलं. ते सहा महिने जवळजवळ १९ वर्षं चालले! ऑगस्ट १९८६ मध्ये, वयाच्या ७९ व्या वर्षी, त्या रिअर ॲडमिरल म्हणून निवृत्त झाल्या. त्यांच्या ऑफिसात उलटं फिरणारं घड्याळ होतं. आजवर असंच करत आलोय, या सबबीची त्यांना भयंकर चीड. घड्याळ उलटं फिरलं तरी वेळ बरोबर दाखवू शकतं, हे पाहुण्याने पाहावं म्हणून ते टांगलेलं.

व्याख्यानाला जाताना त्या तारेचे तुकडे बरोबर नेत. प्रत्येक तुकडा ११.८ इंचांचा, म्हणजे एका नॅनोसेकंदात प्रकाश जास्तीत जास्त जातो तेवढा. उपग्रहामार्फत निरोप जायला इतका वेळ का लागतो, असं एखाद्या ॲडमिरलने विचारलं की त्या तार दाखवत आणि इथून उपग्रहापर्यंत असे किती तुकडे बसतील याचा विचार करायला लावत. गिऱ्हाइकाचं म्हणणं यंत्राला कळवणं ही एक बाजू, आणि यंत्राची अडचण गिऱ्हाइकाच्या हातात ठेवणं ही दुसरी. बाईंना दोन्ही येत.

१ जानेवारी १९९२ रोजी त्या गेल्या. १९९७ मध्ये अमेरिकेच्या नौदलात त्यांच्या नावाची युद्धनौका दाखल झाली आणि २०१६ मध्ये त्यांना मरणोत्तर प्रेसिडेन्शिअल मेडल ऑफ फ्रीडम मिळालं. आपलाही त्यांच्याशी एक धागा आहे. १९९० च्या दशकाच्या शेवटी वायटूकेचं काम आलं तेव्हा मुंबई-पुण्याच्या कितीतरी इंजिनिअरांनी जुने कोबोल प्रोग्राम उघडून दोन आकडी सालं दुरुस्त केली. जागा वाचवायला सालाचे दोनच आकडे ठेवताना, हा प्रोग्राम किती वर्षं चालणार आहे, हे विचारायचं बहुतेक ठिकाणी राहून गेलं होतं. एका न विचारलेल्या प्रश्नाची किंमत साऱ्या जगाने मोजली, आणि त्यावर आपल्याकडच्या अनेकांची पहिली नोकरी उभी राहिली.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या कॅम्पसला नोटिशीत बीए दिसलं तर हसायच्या आधी हॉपरबाईंची आठवण काढा. आणि फायनल इयरचं प्रोजेक्ट घेतलं असेल, तर कॉम्प्युटर सुरू करण्याआधी ते ज्याच्यासाठी करताय त्याच्याकडे एकदा जाऊन बसा. वही-पेन घेऊन.