समाजाला आरसा दाखवणारा कवी

पानिपत म्हटले, की आपल्याला १७६१ सालची मराठे आणि अहमदशहा अब्दाली यांची लढाई आठवते. याच पानिपत गावी १८३७ साली एका मुलाचा जन्म झाला. मोठेपणी त्याने आपल्या लेखणीने सारा समाज हलवून सोडला. हा मुलगा म्हणजे उर्दूचे थोर कवी मौलाना अल्ताफ हुसेन हाली.

हाली नऊ वर्षांचे असताना त्यांचे वडील वारले. थोरल्या भावाने त्यांचा सांभाळ केला. हालींना शिकण्याची फार ओढ होती. पण सतराव्या वर्षीच घरच्यांनी त्यांचे लग्न लावून दिले. आता शिक्षण सुटणार, या काळजीने ते कोणालाही न सांगता घरातून निघाले आणि दिल्लीला गेले. तेथे त्यांना मिर्झा गालिब यांचा सहवास लाभला. पुढे त्यांनी लाहोरला नोकरी केली. इंग्रजी पुस्तकांच्या उर्दू भाषांतरांची भाषा सुधारणे, हे त्यांचे काम होते. त्यातून नव्या विचारांशी त्यांची ओळख झाली.

१८५७ च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानातील मुस्लिम समाजाची स्थिती खालावली होती. लोक गतवैभवाच्या आठवणीत रमले होते. नव्या शिक्षणाकडे त्यांचे लक्ष नव्हते. अलीगढला महाविद्यालय काढणाऱ्या सर सय्यद अहमद खान यांनी हालींना समाज जागा करणारे काव्य लिहिण्याचा आग्रह केला. १८७९ साली हालींचे 'मुसद्दस' प्रसिद्ध झाले. 'मुसद्दस' म्हणजे सहा ओळींच्या कडव्यांची कविता.

या काव्यात हालींनी पूर्वजांची विद्या, उद्योग आणि कष्टाळूपणा यांचे वर्णन केले. मग त्यांनी आपल्या काळातील समाजापुढे आरसा धरला. चैनीत पैसा उधळणारे श्रीमंत, आपापसांत भांडणारे विद्वान, खोटी स्तुती करणारे कवी यांपैकी कोणालाही त्यांनी सोडले नाही.

पुस्तक वाचून सर सय्यद यांना अतिशय आनंद झाला. हे काव्य आपण लिहून घेतले, हेच आपल्या आयुष्यातील मोठे पुण्यकर्म आहे, असे त्यांना वाटले. हाली या पुस्तकाचे हक्क अलीगढच्या विद्यालयाला द्यायला तयार होते. पण सर सय्यद यांनी ते घेतले नाहीत. पुस्तकावर कसलेही बंधन नसावे, ते घरोघरी पोहोचावे, अशी त्यांची इच्छा होती. तसेच घडले. मौलूदच्या मेळाव्यांत लोक मुसद्दस वाचू लागले. ते ऐकताना अनेकांच्या डोळ्यांत पाणी येई. काही शाळांतही त्यातील भाग शिकवला जाऊ लागला.

सर्वांनाच मात्र हे आवडले नाही. आपले दोष कोणी उघड केले, तर राग येणारच! जुन्या वळणाच्या कवींना हालींची साधी भाषा रुचली नाही. लखनौच्या 'अवध पंच' या विनोदी पत्राने हालींची टिंगल केली. हाली पानिपतचे, म्हणून पानिपतच्या रणांगणावरूनही त्यांची थट्टा झाली. हालींनी ती शांतपणे सोसली आणि आपले लेखन चालू ठेवले.

काही वाचकांची तक्रार मात्र वेगळी होती. हे काव्य वाचून मन निराश होते, पुढची वाट दिसत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. हालींना ते पटले. त्यांनी १८८६ साली मुसद्दसला नवा भाग जोडला. समाजात अजून जीव आहे, कष्ट केले तर चांगले दिवस येतील, असा धीर त्यांनी त्यात दिला. आधी लिहिलेले कटू सत्यही त्यांनी तसेच राहू दिले.

हालींनी स्त्रियांच्या शिक्षणासाठीही लेखन केले. गालिब आणि सर सय्यद यांची चरित्रे त्यांनी लिहिली. १९१४ साली पानिपत येथे त्यांचे निधन झाले.

हालींचे आपल्या समाजावर प्रेम होते, म्हणूनच ते त्याला त्याचे दोष सांगू शकले. टिंगलीने ते डगमगले नाहीत आणि वाचकांचे योग्य म्हणणे ऐकण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.