जॉन्सन कोणाच्या मतांवर निवडून येत होते?

निवडणूक जवळ आली की वस्त्यांमध्ये एक चर्चा ठरलेली असते. हा उमेदवार मनाने चांगला आहे, त्याला आपल्या प्रश्नांची जाण आहे. पण सभागृहात तो हात कोणाच्या बाजूने वर करेल, हे क्वचितच कोणी विचारते. अमेरिकेचे ३६ वे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांचे आयुष्य या प्रश्नासाठी समजून घेण्यासारखे आहे. १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा मतदान हक्क कायदा त्यांच्या सहीने झाला. मात्र त्याआधी, १९३७ पासून जवळजवळ २० वर्षे, याच जॉन्सन यांनी नागरी हक्कांच्या प्रत्येक विधेयकाला विरोध केला होता.

जॉन्सन यांचा जन्म २७ ऑगस्ट १९०८ रोजी टेक्सास राज्यात स्टोनवॉल गावाजवळ झाला. वडील राज्याच्या विधिमंडळात सदस्य होते, पण शेतीत बुडाले आणि घर कर्जात गेले. कॉलेजचे शिक्षण सुरू असतानाच, १९२८ मध्ये, जॉन्सन यांनी कोटुला गावी मेक्सिकन वंशाच्या मुलांच्या शाळेत नोकरी केली. उपाशीपोटी वर्गात येणारी मुले त्यांनी तिथे पाहिली. म्हणजे गरिबी आणि वंशभेद त्यांना ठाऊक नव्हते असे नाही.

१९३७ मध्ये, वयाच्या २८ व्या वर्षी, रूझवेल्ट यांचे समर्थक म्हणून ते अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधीगृहात निवडून आले. त्यांनी ग्रामीण भागात वीज आणली. ऑस्टिन शहरात सरकारी घरे आणली, आणि वसाहती वेगवेगळ्या असल्या तरी त्यांत मेक्सिकन व कृष्णवर्णीय कुटुंबांनाही वाटा मिळाला. पण जमावाकडून होणाऱ्या हत्यांविरुद्धचा कायदा किंवा मतदानावरचा पोल टॅक्स रद्द करण्याचा प्रश्न आला, की त्यांचे मत विरोधात पडे.

याचे कारण मतदारयादीत होते. टेक्सासमध्ये मत द्यायचे तर आधी कर भरावा लागे, त्यामुळे गरीब आपोआप बाहेर राहत. डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत १९४४ पर्यंत फक्त गोऱ्यांनाच मत होते. राज्यात दुसरा प्रबळ पक्षच नसल्याने ही प्राथमिक निवडणूक हीच खरी निवडणूक. कृष्णवर्णीयांच्या बाजूने मत दिले तर खुर्ची जाण्याची भीती होती आणि विरोधात दिले तर काहीच तोटा नव्हता.

१९४१ मध्ये सिनेटची निवडणूक जॉन्सन १,३११ मतांनी हरले. एका मतदारसंघाऐवजी आता संपूर्ण राज्य जिंकायचे होते, आणि राज्य त्यांच्या मतदारसंघापेक्षा अधिक कर्मठ होते. १९४७ मध्ये त्यांनी कामगार संघटनांवर बंधने घालणाऱ्या टाफ्ट-हार्टली कायद्याच्या बाजूने मत दिले. १९४८ च्या प्रचारात राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या नागरी हक्क कार्यक्रमाला जाहीर विरोध केला आणि केवळ ८७ मतांनी विजय मिळवला. त्या मोजणीत गैरप्रकार झाल्याचा आरोप शेवटपर्यंत पुसला गेला नाही. १९४९ मध्ये सिनेटमधल्या पहिल्याच मोठ्या भाषणात त्यांनी नागरी हक्कांची विधेयके अडवणाऱ्या अमर्याद भाषणाच्या प्रथेचे समर्थन केले. आधी मत वाकले, मग त्या मताला शोभेल असा विचारही बोलला जाऊ लागला. निवडणुकीचा दबाव विचारसरणीत शिरतो तो असा.

१९५५ मध्ये ते सिनेटमध्ये बहुमताच्या पक्षाचे नेते झाले आणि नजर राष्ट्राध्यक्षपदाकडे गेली. तिथला मतदार वेगळा होता. दक्षिणेतून स्थलांतरित झालेले लाखो कृष्णवर्णीय उत्तरेच्या शहरांत मतदान करत होते. १९५६ मध्ये शाळांतील वंशभेद टिकवू पाहणाऱ्या दक्षिणी खासदारांच्या जाहीरनाम्यावर जॉन्सन यांची सही नव्हती. १९५७ मध्ये त्यांनीच नागरी हक्क विधेयक मंजूर करून घेतले, १८७५ नंतरचे पहिले. पण दक्षिणेला सांभाळण्यासाठी त्यातली महत्त्वाची कलमे काढून किंवा पातळ करून.

२२ नोव्हेंबर १९६३ ला केनेडींची हत्या झाली आणि जॉन्सन राष्ट्राध्यक्ष झाले. आता संपूर्ण देश हाच त्यांचा मतदारसंघ होता आणि बर्मिंगहॅमपासून सेल्मापर्यंत रस्त्यावरची चळवळ देशाला स्वस्थ बसू देत नव्हती. दोन्ही कायदे झाले. तरी १९६४ च्या पक्ष अधिवेशनात फॅनी लू हेमर यांच्या मिसिसिपी फ्रीडम डेमोक्रॅटिक पार्टीला त्यांच्या बाजूने फक्त दोन जागा देऊ केल्या गेल्या, कारण दक्षिणेची गोरी मते जाण्याची भीती होती. ती भीती खोटी नव्हती. त्या वर्षी ते ४४ राज्यांत जिंकले, पण दक्षिणेतली पाच राज्ये गमावून बसले.

मतदान हक्क कायद्याने मतदारच बदलला. मिसिसिपीत १९६५ पूर्वी जेमतेम ७ टक्के कृष्णवर्णीय प्रौढांची नोंदणी होती, ती १९६७ पर्यंत सुमारे ६० टक्क्यांवर गेली. १९५७ च्या विधेयकाविरुद्ध २४ तासांहून अधिक वेळ भाषण करणाऱ्या सिनेटर स्ट्रॉम थरमंड यांनी १९८२ मध्ये याच मतदान हक्क कायद्याच्या मुदतवाढीला पाठिंबा दिला. मधल्या काळात त्यांच्या साउथ कॅरोलिनात कृष्णवर्णीय मतदार मोठ्या संख्येने यादीत आले होते. व्हिएतनाम युद्धामुळे लोकप्रियता घसरलेल्या जॉन्सन यांनी मात्र १९६८ ची निवडणूक लढवली नाही. २२ जानेवारी १९७३ रोजी त्यांचे निधन झाले.

हा हिशेब आपल्याला परका नाही. १९३२ च्या पुणे कराराने प्रांतिक विधिमंडळांत १४८ राखीव जागा मिळाल्या, पण निवड संयुक्त मतदारसंघातून होणार होती. आपल्या नावाने निवडून जाणारा प्रतिनिधी इतरांच्या मतांचा बांधील होईल, हा धोका बाबासाहेबांनी ओळखला होता. जॉन्सन यांची २० वर्षे त्याच धोक्याचा पुरावा आहेत. त्यांच्या मनातल्या सहानुभूतीचा उपयोग कृष्णवर्णीयांना तेव्हाच झाला, जेव्हा चळवळीने आणि मतदारयादीने तिला भाग पाडले.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांनी उमेदवाराच्या मनाचा शोध घेण्यात वेळ घालवू नये. तो कोणाच्या मतांवर जिंकतो, कोणाला नाराज करण्याची त्याला भीती वाटते आणि सभागृहात कशावर बोलतो, कशावर गप्प बसतो, याची नोंद ठेवावी. आणि वस्तीतल्या १८ वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाचे नाव यादीत आहे का, हे आजच तपासावे.